अनुकरण आणि ऋण

परक्याची कृती जशीच्या तशी उतरविण्यात पुरुषार्थ तो कोणता, असा प्रश्न आजच्या सुशिक्षित मनाला सहज पडतो. नवनिर्मितीचा गौरव आणि अनुकरणाची हेटाळणी हे दोन्ही संस्कार आपल्यावर शाळेपासून झालेले आहेत. उलट, गुरूसमोर बसून त्याचाच स्वर, त्याचीच जागा, त्याचाच श्वास वर्षानुवर्षे गिरविल्यावाचून गाणे येत नाही, हेही आपण तितक्याच श्रद्धेने मानतो. या दोन समजुती एकाच घरात गुण्यागोविंदाने कशा नांदतात, हे एका अगदी लौकिक, किंबहुना काहींना क्षुल्लक वाटेल अशा उदाहरणावरून तपासून पाहावे असे योजिले आहे. उदाहरण व्हॉल्व्हच्या जुन्या गिटार-ॲम्प्लिफायरचे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याने पुढे विजेच्या गिटारी व त्यांचे ध्वनिवर्धक बनविण्याचा कारखाना काढला. त्या कारखान्याचा ‘बेसमन’ हा ॲम्प्लिफायर, आणि विशेषतः १९५९ च्या सुमारास निघालेली त्याची ‘५एफ६-ए’ ही आवृत्ती, या क्षेत्रातील मंडळींना आज आदर्शवत् वाटते. गव्हाळी रंगाच्या कापडाने मढविलेली पेटी, आत दहा इंची चार स्पीकर, विद्युत्प्रवाह एकदिश करणारा एक व्हॉल्व्ह, संकेत वाढविणारे तीन छोटे आणि अखेरचे बळ देणारे दोन मोठे व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा संसार. त्याचा आराखडा एका कागदावर मावतो व तो आज कोणालाही सहज मिळतो. हा कागद समोर ठेवून, रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर जमवून, धातूच्या कड्या बसविलेल्या फायबरच्या पट्टीवर एकेक सांधा डाख देऊन जोडीत, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हे यंत्र पुन्हा उभे करणारे हौशी कारागीर अनेक देशांत आहेत. मूळ यंत्र दुर्मिळ आणि महाग झाले, हे त्याचे एक कारण. परंतु केवळ काटकसर हे खरे कारण नव्हे. इतके कष्ट काटकसरीसाठी कोणी करीत नाही.

हे काम पोरखेळाचे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. या यंत्रात चारशे व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो, आणि वीज तोडल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरांत तो साचून राहू शकतो. म्हणून जाणता कारागीर हात घालण्यापूर्वी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिते करतो, दाब उतरला की नाही हे मीटरने पाहतो, आणि चालू यंत्र तपासताना एक हात खिशात ठेवतो, कारण दोन हातांमधून गेलेला प्रवाह हृदयातून जातो. पहिल्यांदा वीज देताना तो तारेच्या वाटेवर साधा तापतंतूचा दिवा जोडतो. आत कोठे घात असेल तर दिवा प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. अनुकरण म्हणजे बुद्धीला सुट्टी, असे ज्यांना वाटते त्यांनी हा दिवा पेटतो की मंदावतो हे पाहत उभ्या असलेल्या माणसाची मनःस्थिती डोळ्यांपुढे आणावी.

आता प्रश्न असा की, नक्कल करावयाची ती नेमकी कशाची? वरवर पाहता उत्तर सोपे आहे: १९५९ च्या यंत्राची. परंतु ते यंत्र आज आहे कोठे? त्या काळच्या कार्बनच्या रेझिस्टरांचे मूल्य वर्षानुवर्षे सरकत जाते, बहुधा वाढते. कंडेन्सर आतून सुकतात. स्पीकरचे कागदी शंकू मऊ पडतात. व्हॉल्व्ह तर झिजून कितीदा बदललेले असतात. ज्या आवाजाच्या मोहाने कारागीर कामाला लागला तो त्याने ऐकला आहे तो वृद्ध यंत्राचा. आणि आराखड्याच्या कागदावर लिहिलेले आकडे आहेत ते नवजात यंत्राचे. कागदाशी प्रामाणिक राहावे तर कानाशी बेइमानी होते, आणि कानाचे ऐकावे तर कागद मोडावा लागतो. शिवाय अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टांची, आपली २३० व्होल्टांची. म्हणजे आपल्याकडील कारागिराला वीज घेणारा ट्रान्सफॉर्मर तरी वेगळा घ्यावाच लागणार. ‘जशीच्या तशी’ हा शब्दप्रयोग येथेच डळमळू लागतो.

आपल्या दर्शनकारांनी हा वाद फार पूर्वी घातला आहे. ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख पटते त्याअर्थी देवदत्त मधल्या काळात टिकून आहे, असे नैयायिक म्हणतात. बौद्ध म्हणतात, ओळख पटणे हा टिकल्याचा पुरावा नव्हे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, कापलेली नखे पुन्हा वाढतात ती दुसरी असतात, तरी सादृश्यामुळे आपण ‘तीच ही’ असे म्हणतो. या वादाचा निकाल लावण्याची पात्रता प्रस्तुत लेखकात नाही. पण एवढे खरे की, जुना ॲम्प्लिफायर जपून ठेवणारा संग्राहक स्वतःला नैयायिक समजतो आणि प्रतिकृती करणाऱ्याला बौद्ध ठरवितो. वस्तुतः त्याच्याही पेटीतील व्हॉल्व्ह, कंडेन्सर आणि कित्येकदा स्पीकरही बदललेलेच असतात. त्याच्याजवळ उरलेली असते ती अखंड परंपरा. ती लहान वस्तू नव्हे. मात्र ती ध्वनीत ऐकू येत नाही, हेही मान्य करावयास हवे.

आणि ज्याला आपण मूळ म्हणतो ते तरी कितपत मूळ? व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्या आपल्या व्हॉल्व्हांसोबत नमुन्याची विद्युन्मंडले छापून देत असत. त्या काळातील ध्वनिवर्धक करणारे सारेच त्यांतून उचलत. फेंडरच्या ॲम्प्लिफायरांच्या आत चिकटविलेल्या कागदावर, अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पेटंटांखाली परवाना घेतल्याची नोंद छापलेली आढळते. म्हणजे आदर्श म्हणून ज्याची पूजा होते तोही कोणाचा तरी ऋणको होता, आणि ते त्याने पेटीच्या आत का होईना, पण लिहून ठेवले होते.

पुढची कथा अधिक रंजक आहे. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हे ड्रमवादक आणि वाद्यविक्रेते दुकान चालवीत होते. अमेरिकेहून येणारे ॲम्प्लिफायर इंग्लंडमधील तरुण वादकांना परवडत नसत. मार्शल यांच्याकडील केन ब्रान आणि त्यांचा तरुण सहकारी डडली क्रेव्हन यांनी बेसमनचा आराखडा घेऊन जवळजवळ तसाच ॲम्प्लिफायर उभा केला. त्यालाच पुढे ‘जेटीएम-४५’ हे नाव मिळाले. फरक किरकोळ होते, आणि त्यांतले काही तरी इंग्लंडात जे मिळेल ते वापरल्यामुळे झालेले होते. पहिल्या जागी बेसमनमध्ये ‘१२एवाय७’ व्हॉल्व्ह असे, त्याचा वर्धनांक सुमारे ४४. मार्शलमध्ये तेथे ‘ईसीसी-८३’ आला, त्याचा वर्धनांक १००. अखेरच्या टप्प्यात पुढे ‘केटी-६६’ हे ब्रिटिश व्हॉल्व्ह आले. दहा इंची चार स्पीकरांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी सेलेस्टियन कंपनीच्या बारा इंची चार स्पीकरांची बंद पेटी आली. एवढ्याने आवाजाचा स्वभाव पालटला. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ साली जॉन मेयॉल यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेत या घराण्यातील मार्शलचा जो आवाज आहे, तो नंतरच्या वादकांना आदर्श ठरला. आणि आज त्या जेटीएम-४५ च्याही प्रतिकृती होतात. नकलेची नक्कल, आणि तीही भक्तिभावाने!

येथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसे, आणि त्याला हवा होता तो स्वच्छ, निर्मळ ध्वनी. बेसमन तर, नावाप्रमाणेच, खालच्या सुरांच्या बेस-गिटारसाठी केलेला. साध्या गिटारच्या वादकांनी तो उचलला, मर्यादेपलीकडे चढविला, आणि व्हॉल्व्ह संकेत पेलू न शकल्यामुळे जो फाटका, खरखरीत आवाज निघाला त्यावर ते लुब्ध झाले. निर्मात्याच्या दृष्टीने जो दोष, तोच भक्तांच्या दृष्टीने प्राण. तेव्हा प्रतिकृती करणारा निष्ठा कोणाशी ठेवतो? निर्मात्याच्या हेतूशी खासच नव्हे. तो निष्ठा ठेवतो एका घडून गेलेल्या गोष्टीशी, जिचा कर्ता कोणीही एक नाही.

मग यात चोरी कोठे आहे? कायद्याचे उत्तर थोडक्यात देता येते. १९५० च्या दशकातील पेटंटांची मुदत केव्हाच संपली. नाव आणि बोधचिन्ह यांचा हक्क मात्र अजून जिवंत आहे. पण धर्माचे उत्तर कायद्याच्या मुदतीवर अवलंबून नसते. या संदर्भात एकलव्य आठवतो. द्रोणांनी नाकारलेल्या त्या मुलाने द्रोणांची मातीची मूर्ती केली, म्हणजे गुरूचीच प्रतिकृती घडविली, आणि तिच्यासमोर विद्या साधली. अंगठ्याची गोष्ट आपण गुरुभक्तीचा कळस म्हणून सांगतो. मला तो प्रसंग नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. परंतु अंगठ्याच्या आधी एक क्षण आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. रानात पांडवांनी ‘तू कोण?’ असे विचारले तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, मी द्रोणांचा शिष्य. ज्याने काहीच दिले नव्हते त्याचे नाव त्याने सांगितले. न सांगता तो श्रेष्ठ धनुर्धर म्हणून मिरवू शकला असता. ऋण फेडणे त्याच्या हातचे होते की नव्हते हा वेगळा प्रश्न. ऋण सांगणे त्याच्या हातचे होते, आणि ते त्याने सांगितले.

घरच्या मेजावर स्वतःसाठी प्रतिकृती करणारा म्हणूनच मला निर्दोष वाटतो. आराखड्यातील आकडे पाहून मुकाट्याने सुटे भाग बसवीत जाणारा असो, किंवा ‘येथे हाच रेझिस्टर का?’ असे विचारीत जाणारा असो, दोघांच्याही हातून चोरी होत नाही. दुसऱ्याला विद्या अधिक मिळते, इतकेच. प्रश्न बिकट होतो तो विक्रीच्या वेळी. काही जण नव्या पेटीवर जुन्या कंपनीची पाटी लावतात, कापड घासून, मळवून, लाख देऊन पिवळे करतात. आवाज तोच, घेणारा संतुष्ट, मग हानी कोणाची, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद मला पटत नाही. घेणाऱ्याला केवळ आवाज हवा असता तर मळविलेल्या कापडाची गरजच पडली नसती. विकणाऱ्याने कापड मळविले त्याअर्थी आपण आवाजाखेरीज आणखी काही विकत आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे; आणि ते जे काही आहे ते त्याच्याजवळ नाही. आता कापड मळविले, पण पाटी स्वतःच्या नावाची लावली, तर? येथे मी तितका ठाम नाही. नाटकातला म्हातारा दाढी चिकटवितो त्याला आपण लबाड म्हणत नाही. पण ती पेटी उद्या तिसऱ्याच्या हाती जाईल, आणि पाटी चार स्क्रूंनी निघते, हा विचार मनातून जात नाही.

उलट बाजूची अडचणही सांगितली पाहिजे. फेंडरने १९६५ साली आपली कंपनी सीबीएस या मोठ्या संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. १९८५ मध्ये ती कंपनीतल्याच मंडळींनी परत विकत घेतली. आणि १९९० मध्ये त्या कंपनीने १९५९ च्या बेसमनची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्यावर पाटी खरी होती. आत मात्र हाताने जोडलेली फायबरची पट्टी नव्हती, छापील मंडलाचा तक्ता होता. एकाजवळ नाव आहे, रीत नाही. दुसऱ्याजवळ रीत आहे, नाव नाही. वारस कोणाला म्हणावे? कायदा पहिल्याला म्हणतो. घराण्याचा विचार करणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याकडे झुकेल. माझाही कल तिकडेच आहे; पण नाव जपणाऱ्यांनी नाव जपले नसते तर रीत शोधीत कोणी आले असते काय, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

फेंडरच्या कारखान्यात डाख देण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. त्या काळचे कित्येक ॲम्प्लिफायर उघडले असता आतल्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा एक लहानसा तुकडा लावलेला दिसतो, आणि त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचे पहिले नाव हाताने लिहिलेले असते. आडनाव नाही, हुद्दा नाही. ज्या सांध्यांची नक्कल आज भिंगातून पाहून केली जाते ते सांधे त्यांच्या हातचे. प्रतिकृती करणारे काटेकोर लोक तारेचा रंग, कापडी वेष्टण, स्क्रूचे डोकेदेखील मुळाबरहुकूम आणतात. चिकटपट्टीपाशी येऊन मात्र त्यांना थांबावे लागते. काही जण ती जागा कोरी सोडतात, काही जण तेथे स्वतःचे नाव आणि तारीख लिहितात. मूळ यंत्रातील बाईचे नाव उतरवून काढणारेही आहेत; ते तिच्या स्मरणार्थ म्हणून लिहिलेले, की पुढच्या गिऱ्हाइकासाठी, हे पेटी बंद झाल्यावर एकट्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.