मोठेपणाची भूक

अहंकार हा आपला मुख्य दुर्गुण आहे, अशी कबुली जॉन अ‍ॅडम्स यांनी १७५६ मध्ये आपल्या रोजनिशीत दिली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात मुलांना शिकवत होते. तरुणपणी असल्या कबुल्या पुष्कळ जण देतात आणि पुढे विसरतात. अ‍ॅडम्स विसरले नाहीत. पुढची पन्नासेक वर्षं ते याच दुर्गुणाकडे राज्यशास्त्राचा विषय म्हणून पाहत राहिले. अमेरिकेच्या संस्थापकांत जेफरसन यांची भाषा अधिक सुंदर आणि मॅडिसन यांची मांडणी अधिक काटेकोर असेल, पण माणसाला सत्ता का हवी असते या प्रश्नाच्या तळाशी अ‍ॅडम्सच अधिक गेले, असं मला वाटतं.

१७७६ च्या वसंतात त्यांनी शासनव्यवस्थेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं आणि वसाहतींना नव्या राज्यघटना हव्या होत्या. प्रजासत्ताकाचा पाया नागरिकांचा सद्गुण, असं त्यात ते म्हणतात. पण त्याच पुस्तिकेत एकाच सभागृहाच्या हाती सगळी सत्ता देऊ नका, असा इशाराही आहे. एका माणसाला जसा राग, लोभ, लहर असते, तशी ती सभागृहालाही असते. म्हणजे विश्वास आणि संशय दोन्ही एकत्रच नांदत होते. पेनसिल्व्हेनियाने त्याच वर्षी नेमकं एकच सभागृह ठेवलं. अ‍ॅडम्स यांना ते अजिबात रुचलं नाही. १७८० च्या मॅसॅच्युसेट्स राज्यघटनेचा मसुदा मुख्यतः त्यांचा. त्यात दोन सभागृहं, नकाराधिकार असलेला गव्हर्नर आणि स्वतंत्र न्यायालय अशी तिपेडी रचना आली.

पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातली नफेखोरी आणि युरोपातली दरबारी राजकारणं पाहून विश्वासाची बाजू आणखी झिजली. लंडनमध्ये वकिलातीत असताना त्यांनी अमेरिकी राज्यघटनांच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहायला घेतला. निमित्त झालं फ्रेंच विचारवंत तुर्गो यांच्या टीकेचं. राजा नाही, सरदार नाहीत, मग सत्तेची ही विभागणी कशाला, असा तुर्गो यांचा सवाल होता. अ‍ॅडम्स यांचं उत्तर असं, की सरदारांच्या पदव्या काढून टाकल्या तरी श्रीमंत, घरंदाज आणि बोलके लोक उरतातच, आणि अमेरिकन माणूस काही वेगळ्या मातीचा नाही. अशा वजनदार मंडळींना वरच्या सभागृहात बसवावं. तिथे त्यांच्या हुशारीचा उपयोग होईल आणि खालच्या सभागृहावर त्यांची छाया पडणार नाही. सन्मान देऊन कोंडून ठेवण्याची ही युक्ती मोठी मिस्कील आहे. विरोधकांनी मात्र ती वरवर वाचली आणि अ‍ॅडम्स यांच्यावर राजेशाहीवादी असा शिक्का मारला.

त्यांच्या विचाराचा खरा गाभा १७९०-९१ मधल्या लेखमालेत सापडतो. दाविला या इटालियन इतिहासकाराच्या निमित्ताने लिहिलेल्या या लेखांवर अ‍ॅडम स्मिथ यांचं ऋण उघड आहे. माणसाला चारचौघांनी आपल्याकडे पाहावं, आपली दखल घ्यावी असं वाटतं आणि ही ओढ जवळजवळ भुकेइतकीच प्रबळ असते, असं ते सांगतात. गरिबाचं दुःख केवळ उपासमारीचं नाही. बाजारात, गर्दीत तो असतो, पण कुणाला दिसत नाही. त्याला कुणी दोषही देत नाही, कारण त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. सद्गुणाच्या शिकवणीने ही भूक मरत नाही. तिला लोकोपयोगी कामाला जुंपणं हेच शासनाचं काम, या निष्कर्षाला ते आले.

हे सगळं लिहिणारे गृहस्थ १७८९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्षांसाठी भारदस्त पदवी मागत होते. त्यांच्या स्थूल देहावरून सिनेटरांनी उलट त्यांनाच एक थट्टेची पदवी बहाल केली. इथवर हसून सोडून देता येतं. १७९८ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी सरकारवरच्या टीकेला गुन्हा ठरवणाऱ्या राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. कायदा त्यांनी मागितला नव्हता, पण अडवलाही नाही. त्याचं संरक्षण राष्ट्राध्यक्षांना आणि काँग्रेसला होतं. उपराष्ट्राध्यक्ष वगळले होते, कारण त्या खुर्चीवर विरोधी पक्षाचे जेफरसन होते.

या कायद्याखाली व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. राष्ट्राध्यक्षांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे अ‍ॅडम्स यांनी सबंध मानवजातीवर ठेवलेला आरोप लायन यांनी एकट्या अ‍ॅडम्स यांच्यावर ठेवला. अ‍ॅडम्स यांच्या सिद्धान्ताची इतकी अचूक परीक्षा दुसरी झाली नाही, आणि तीत ते नापास झाले.

निवृत्तीनंतर जेफरसन यांच्याशी पुन्हा पत्रव्यवहार सुरू झाला. गुण आणि बुद्धी असलेले लोक निवडणुकीतून आपोआप वर येतील, असं १८१३ मध्ये जेफरसन म्हणाले. अ‍ॅडम्स यांना ते पटलं नाही. रूप, पैसा आणि कुळ हेही मतं खेचतात. स्वतःच्या मताखेरीज आणखी एक मत फिरवू शकेल तो प्रत्येक जण त्यांच्या लेखी सरदारच. आपल्याकडच्या कुठल्याही गावपुढाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि लायन? त्यांना मतदारांनी ते तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं होतं. १८०१ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली जेफरसन आणि प्रतिस्पर्धी बर यांच्यातली बरोबरी काँग्रेसमध्ये सुटली, तेव्हा व्हरमाँटचं मत जेफरसन यांना लायन यांच्या मताने मिळालं. राजद्रोहाच्या कायद्याची मुदत पुढच्याच महिन्यात संपली. १८४० मध्ये काँग्रेसने दंडाची रक्कम लायन यांच्या वारसांना परत केली.