झाकून ठेवलेलं पीठ

आजचा शास्त्रपाठ: मत्तय १३:३३
सोबत वाचा: उत्पत्ती १८:१-८, १ करिंथ ५:६-८



नाताळ चार दिवसांवर आलाय. कॅरलची प्रॅक्टिस, स्टार लावणं, घराची साफसफाई, ऑफिसमध्ये सुट्टीआधी संपवायची कामं, सगळं एकदम अंगावर आलंय. म्हणून आजचं वचनही छोटंसंच घेऊया, अवघ्या एका ओवीचं.

स्वर्गाचं राज्य कशासारखं आहे हे सांगताना प्रभू येशू आपल्याला थेट स्वयंपाकघरात नेतो. तिथे एक बाई आहे. तिने थोडंसं खमीर घेतलं आणि तीन मापं पिठात घालून लपवून ठेवलं. होता होता सगळं पीठ फुगलं. संपला दृष्टांत. बाईचं नाव नाही, गाव नाही, ती काही बोलतही नाही.

यंदा आमच्या घरी नाताळच्या जेवणात मटण रश्श्याबरोबर बेकरीच्या पावाऐवजी घरचे मऊ डिनर रोल्स करायचं ठरलंय. 'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'पांव' वरून आपल्याकडे आला. गोव्यात जुने पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर वापरायचे. आपल्याकडे आता किराणा दुकानात यीस्टचं पाकीट मिळतं. पण काम तेच, आणि दृष्टांतातल्या बाईचंही तेच. म्हणून आज वचन आणि रेसिपी दोन्ही एकत्र वाचूया.

आधी प्रमाण

१६ रोल्ससाठी: मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, कोमट दूध साधारण २४० मिली, एक अंडं, मऊ झालेलं बटर ६० ग्रॅम.

दूध किती कोमट? बोट बुडवल्यावर सुखावेल इतकंच. यीस्ट जिवंत असतं, उकळत्या दुधात ते मरतं. मग कितीही वाट बघा, पीठ हलत नाही. बटर सोडून सगळं एकत्र करा, गोळा झाला की बटर थोडं थोडं घालत १२ ते १५ मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं. वरून मैदा टाकायचा मोह होतो, टाकू नका, रोल्स कडक होतात. मळत राहिलं की तेच पीठ गुळगुळीत होतं. छोटा तुकडा बोटांनी हळूच ताणून बघा. न फाटता पातळ पडदा झाला तर जाळी तयार झाली, पीठ झालं.

आता भांड्याला तेलाचा हात लावा, गोळा ठेवा, ओला फडका झाका. आणि इथे तुमचं काम थांबतं.

लपवलेलं

मत्तयाने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'लपवलं' असाच आहे. एकदा खमीर मिसळलं की ते वेगळं दाखवता येत नाही. ५०० ग्रॅम मैद्यात ७ ग्रॅम. मळलेल्या गोळ्यात बोट घालून 'हे बघ, इथे आहे' असं कुणी म्हणू शकत नाही. तरी ते आत साखर खातंय, वायू सोडतंय, आणि तुम्ही मळून तयार केलेली जाळी तो वायू धरून ठेवतेय. पहिल्या अर्ध्या तासात वरून जवळजवळ काहीच दिसत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी फार अस्वस्थ होतो. काहीतरी चालू आहे असं म्हणतात, तर त्याचा लॉग कुठाय? किती टक्के झालं? प्रार्थनेतही आपली हीच सवय. सोमवारी मागितलं, गुरुवारी फडका उचलून बघतो. काही नाही? मग देव ऐकत नसेल.

पण नाताळ म्हणजे काय ते आठवा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. त्या भाकरीच्या घरात देवाने आपला पुत्र ठेवला तो गव्हाणीत. मेंढपाळ येऊन गेले आणि पुन्हा शांतता. लूक सांगतो की येशूने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. तीस वर्षं! त्यातली बहुतेक नासरेथसारख्या छोट्या गावात, सुताराच्या घरात. मधली बाराव्या वर्षाची मंदिरातली एक गोष्ट सोडली तर शुभवर्तमानात त्या काळाबद्दल जवळपास काहीच नाही. जगाचा तारणारा शेजारच्या गल्लीत राहत होता आणि नासरेथकरांना पत्ता नव्हता. देवाने खमीर पिठात घातलं होतं आणि वर फडका झाकला होता.

तुमच्या आयुष्यात देव काही करत नाही असं वाटत असेल, तर त्या तीस वर्षांकडे एकदा बघा. दिसत नाही म्हणजे चाललेलं नाही, असं पिठाच्या बाबतीत तरी खरं नाही.

तीन मापं म्हणजे किती?

दृष्टांतात आपण सहसा खमिराकडे बघतो. जरा पिठाकडे बघा. अभ्यासकांचे हिशोब थोडे कमीजास्त आहेत, पण तीन मापं म्हणजे आजचं साधारण २० किलोच्या वरचं पीठ. वरच्या रेसिपीच्या हिशोबाने २० किलोचे ६४० रोल्स होतील! कुठली बाई घरच्या चार माणसांसाठी एवढं मळते?

शास्त्रात हे माप आधीही येतं. मम्रेच्या झाडांजवळ तीन पाहुणे आले तेव्हा अब्राहाम धावत साराकडे गेला आणि तीन मापं सपिठाच्या भाकरी करायला सांगितल्या. पाहुणे तीन, पीठ तीन मापं. तीन मापं म्हणजेच एक एफा. गिदोनाने देवाच्या दूतासाठी बेखमीर भाकरी केल्या त्या एक एफा पिठाच्या. आणि किती वर्षं रडून मागितलेल्या शमुवेलाला घेऊन हन्ना देवाच्या घरी गेली तेव्हा तिच्याबरोबर होतं एक एफा पीठ.

म्हणजे जेव्हा देव दाराशी येतो, किंवा आपण त्याच्या दाराशी जातो, तेव्हा पीठ मोजूनमापून घ्यायचं नसतं. येशूचं ऐकणाऱ्यांना सारेची गोष्ट पाठ होती. तीन मापं म्हटल्याबरोबर त्यांना कळलं असेल: ही बाई पाहुण्यांसाठी मळतेय. स्वर्गाच्या राज्यात भाकर नेहमी घरच्यांपेक्षा जास्त माणसांसाठी असते.

दुसरंही एक खमीर असतं

इथे सावध राहायला हवं. शास्त्रात खमीर बहुतेक ठिकाणी चांगल्या अर्थाने येत नाही. वल्हांडणाच्या वेळी इस्राएल घरातलं सगळं खमीर काढून टाकत असे. येशूने परूशी आणि सदूकी यांच्या खमिराबद्दल इशारा दिला. पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की जुनं खमीर काढून टाका, दुष्टपणाचं आणि वाईटपणाचं.

दोन्ही खमिरांची काम करायची पद्धत मात्र एकच. थोडंसं पुरतं, दिसत नाही, आणि वेळ मिळाला की सगळा गोळा आपल्यासारखा करून टाकतं. मनातली अढी अशीच असते. एक वाक्य कुणीतरी बोललं, आपण ते आत घातलं, वर फडका झाकला. सहा वर्षांनी बघावं तर अख्खं घर त्याने फुगलेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या घरी गावच्या जमिनीच्या वाटणीवरून पप्पा आणि धाकटे काका सहा वर्षं बोलत नाहीत. एकाच शहरात राहतात, एकाच मंडळीत जातात, बाकं वेगळी. आईने या सगळ्यात कधी बाजू घेतली नाही, भाषणही दिलं नाही. तिने एक केलं. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी करंज्यांचा डबा भरून काकांकडे पाठवला.

पहिली तीन वर्षं डबा रिकामा परत आला. आपल्याकडे कुणी रिकामा डबा परत करत नाही, तेव्हा तो रिकामा येणं हेच उत्तर होतं. आईने डबा घासला आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरला. चौथ्या वर्षी डब्यात चार पेरू आले. पाचव्या वर्षी काकूच्या हातच्या शंकरपाळ्या. यंदा आईने डब्याबरोबर जेवणाचं आमंत्रणही पाठवायचं ठरवलंय. ते येतील का? माहीत नाही. काल जेवताना पप्पा ताटातून मान वर न करता एवढंच म्हणाले, "ते रोल्स करणारेस ना, जरा जास्तच कर."

दृष्टांतातली बाई कशी दिसत असेल, मला आता नीट कळतं.

खेटून ठेवा

रेसिपी अजून बाकी आहे. पीठ दुप्पट व्हायला एरवी एक-दीड तास लागतो, डिसेंबरच्या थंडीत दोन तासही लागतील. घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघा. थंडी फार असेल तर बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी भांडं ठेवा, ओव्हन चालू करू नका.

फुगलं की हलकेच दाबून हवा काढा, साधारण ५५-५७ ग्रॅमचे १६ गोळे करा. ९ इंची चौकोनी टिनला बटर लावून चार बाय चार असे मांडा, मध्ये अगदी थोडी जागा सोडा. पुन्हा झाका, ४० ते ४५ मिनिटं. या वेळात ते फुगून एकमेकांना टेकतात. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार. वरून दुधाचा हात फिरवा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, वर सोनेरी होईपर्यंत भाजा. बाहेर काढल्याबरोबर बटर लावा आणि स्वच्छ फडक्याने झाकून ठेवा. आतली वाफ वरचं कवच मऊ ठेवते.

एक गंमत बघा. रोल एकेकटे लांब लांब ठेवून भाजले तर त्यांच्या सगळ्या कडा कडक होतात. खेटून भाजले तर जिथे एकमेकांना टेकतात तिथे कवच धरतच नाही. तोडताना तिथूनच तो मऊ, पांढरा, वाफाळता भाग निघतो. आच सगळ्यांना तेवढीच लागते. मऊ राहतो तो शेजाऱ्याला टेकलेला भाग.

मंडळीचंही असंच आहे, आणि घराचंही. शहरात आपण एकेकटे भाजले जातो. वेगळा फ्लॅट, वेगळी शिफ्ट, हेडफोन लावून उपासनाही मोबाइलवर. कवच धरायला वेळ लागत नाही. नाताळचं जेवण ही देवाने दिलेली संधी आहे, एका टिनमध्ये बसायची.

आज करण्यासारखं

१. ज्या व्यक्तीशी बोलणं थांबलंय तिचं नाव आज प्रार्थनेत घ्या. फक्त नाव. भांडणाचा हिशोब देवाला पुन्हा ऐकवू नका, त्याला तो माहीत आहे.

२. तिच्यासाठी एक छोटी गोष्ट करा: एक मेसेज, एक फोन, सहा रोल्सचा डबा. उत्तर आलं नाही तरी तुमचं खमीर पिठात पडलं. मात्र त्या नात्यात मारहाण किंवा छळ झाला असेल तर प्रार्थना दुरूनही करता येते. तिथे परत जायची घाई नको, आधी पाळकांशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला.

३. नाताळच्या जेवणाला एक पान जास्त मांडा. होस्टेलवर राहिलेला मित्र असेल, सुट्टी न मिळालेली सहकारी असेल, तुमच्या सोसायटीचे वॉचमन काका असतील.

प्रार्थना

हे प्रभू येशू, भाकरीच्या घरी जन्मलेल्या राजा, तू जगात लपून आलास आणि हळूहळू सगळं बदललंस. आमच्या मनात जे जुनं खमीर आम्ही वर्षानुवर्षं जपलं आहे, ते काढून टाक. तुझी क्षमा आमच्यात मिसळ, इतकी की ती वेगळी काढता येऊ नये. तू काम करत असताना फडका उचलून बघायची आमची घाई शांत कर. आमच्या टेबलावर जे नाहीत त्यांना तू ओळखतोस. त्यांच्यासाठीही पुरेल एवढं पीठ आमच्याकडून मळून घे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचा शास्त्रपाठ: लूक २:१-७. तोपर्यंत पीठ झाका, आणि निवांत झोपा.