शहात्तर मापं

उमरीच्या मोंढ्याजवळ एका सुताराचं दुकान होतं. लग्नसराई तोंडावर आली, म्हणून त्याच्या भाच्यानं स्पीकरचे बॉक्स करायला घेतले. स्पीकरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, बॉक्सात 85 लिटर हवा पाहिजे. पोरगं हुशार. बाहेरून 60 × 45 × 40 सेंटिमीटर, म्हणजे 108 लिटर, या आकड्याला ते भुललं नाही. 18 एमएम प्लायची जाडी सगळ्या बाजूंनी वजा केली, आतलं माप बरोबर 85 लिटर आणलं आणि बॉक्स ठोकला.

पण बेस जरा आखूड वाटू लागला. वरातीत कुणाला कळलंही नसतं. पोराच्या कानाला मात्र खुपत होतं.

"कंपनीनंच फसवलं, मामा."

"स्पीकर काढ आधी."

मामांनी बॉक्स पाठीवर पाडला, पाइपांची आतली तोंडं चिंध्यांनी बुजवली आणि घरून ज्वारीचं पोतं मागवलं. "दुधाच्या लिटरच्या मापानं ओत. हलवून हलवून भर. मोजताना चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून."

शहात्तराव्या मापाला ज्वारी काठाला लागली.

"असं कसं? 85 पाहिजेत!"

"85 कोऱ्या बॉक्सात. तू आत काय काय बसवलास ते सांग की."

बॉक्स थरथरू नये म्हणून लावलेल्या जाड पट्ट्या, सव्वापाच लिटर. दोन पाइप, पावणेचार. स्पीकरचं मॅग्नेट आणि सांगाडा, कागदातच लिहिल्याप्रमाणे 4. हवेला उरले 72. हवा कमी झाली की पाइपाचा सूर चढतो. 40 हर्ट्‌झला लावलेला घुमारा 43च्या वर गेला होता.

"मोंढ्यात सोयाबीन घालताना बारदान वजा करतोस ना?"

"करतो की. प्लाय वजा केलाच होता."

"प्लाय दुकानातला, तो आठवला. पट्ट्या तुझ्या हातच्या, त्या तेवढ्या विसरलास."

दुसरा बॉक्स आतून साडेपाच सेंटिमीटर जास्त खोल झाला. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं.

संध्याकाळी मामांनी मजुरी दिली. भाच्यानं नोटा दोनदा मोजल्या.

"मामा, ही कोऱ्या बॉक्सातली का पट्ट्या वजा जाऊन?"

"वजा जाऊन. पहिल्या बॉक्सचा प्लाय कापून घेतलाय."