बेरुथिएल राणीची मांजरं

मोरियाच्या खाणीत मिट्ट काळोख आहे. डोंगराच्या पोटात कोसच्या कोस पसरलेल्या बोगद्यांतून नऊजण चाललेत. पुढे म्हातारा गँडाल्फ, त्याच्या काठीच्या टोकाला मिणमिणता उजेड. बाकीचे धास्तावलेले. त्यांना धीर द्यायला अ‍ॅरागॉर्न म्हणतो की हा माणूस वाट चुकायचा नाही. काळ्याकुट्ट रात्री घर गाठण्यात तो बेरुथिएल राणीच्या मांजरांनाही मागे टाकेल. झालं. मंडळी चालू लागतात. कोण ही राणी, कसली मांजरं, रात्रीची कुठून घरी यायची, यातलं एक अक्षर त्या प्रचंड गोष्टीत पुढे कुठेही येत नाही.

टोल्कीनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी पहिल्यांदा वाचलं त्याला आता तीस वर्षं होतील. लढाया एकमेकींत मिसळून गेल्या. वंशावळी तर कधी लक्षात राहिल्याच नव्हत्या. मांजरं मात्र राहिली. ज्या गोष्टीला लेखकाने एका वाक्यापलीकडे जागा दिली नाही तीच का राहावी?

व्हिडिओ गेम खेळणारी मुलं अशा गोष्टींना ‘लोर’ म्हणतात. म्हणजे त्या जगाची मागची गोष्ट: आधी राजा कोण होता, देऊळ कोणी पाडलं, भाऊ भावाला का विसरला. खेळ जिंकायला हिचा उपयोग जवळजवळ शून्य. तरी माझा भाचा राक्षस मारून झाला की त्याच्याकडे सापडलेल्या अंगठीखालचा चार ओळींचा मजकूर वाचत बसतो, आणि जेवायला हाक मारली की ‘थांब ना, एक धागा लागतोय’ म्हणतो. परीक्षेच्या पुस्तकातला इतिहास त्याने असा कधी वाचला नाही, हे त्याच्या आईचं दुःख आहे.

या गोडीचं एक सोपं स्पष्टीकरण सगळे देतात. शितावरून भाताची परीक्षा. लेखकाकडे भांडं भरलेलं असतं, तो एकच शीत दाखवतो, आणि वाचकाला मागच्या भरलेल्या भांड्याचा वास येतो. टोल्कीनच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये राक्षसांच्या गुहेत दोन जुन्या तलवारी सापडतात. एलरॉन्ड त्यांच्यावरची अक्षरं वाचून सांगतो की या गोन्डोलिनमध्ये घडवलेल्या आहेत. त्या वर्षीच्या वाचकाला गोन्डोलिन म्हणजे फक्त एक गोड नाव. पण टोल्कीनने त्या शहराच्या पाडावाची कथा वीस वर्षं आधीच लिहिलेली होती, सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतल्यावर, १९१६-१७ च्या सुमारास. ती वाचकांपर्यंत पोचली १९७७ साली, ‘द सिल्मरिलियन’मधून. तोवर टोल्कीनला जाऊन चार वर्षं झाली होती. तलवारींचा नुसता उल्लेख आणि त्या शहराची कथा यांत चाळीस वर्षांचं अंतर!

मग मांजरं? १९५५ साली कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात टोल्कीनने कबूलच केलं की अशी नावं लिहिता लिहिता उगवतात, आणि या मांजरांबद्दल आपल्याला अजून काहीही सापडलेलं नाही. शीत होतं, भांडं रिकामं होतं.

इथे ते सोपं स्पष्टीकरण अडखळतं. कारण वाचताना मला यातलं काहीच कळलं नव्हतं. गोन्डोलिनच्या मागे शेकडो पानं आहेत आणि मांजरांच्या मागे एकही नाही, हे वाक्यावरून ओळखता येत नाही. दोन्हींनी सारखीच हुरहुर लावली. खऱ्या नाण्यांच्या थैलीत एखादं खोटं खपून जातं, हे मान्य. बाकी सगळी नाणी खरी नसती तर हे खपलं नसतं. पण खपण्यासाठी त्याच्यावर छाप तर तोच असावा लागतो. तो छाप कोणता?

लहानपणी आमच्याकडे जेवणं उरकली की बायका मागच्या पडवीत गहू निवडायला बसत. मी तिथेच कोपऱ्यात झोपेचं सोंग घेऊन पडलेला असे. बोलणं चालू असताना कोणीतरी म्हणे, ‘तेव्हा नाही का, वन्संनी तो डबा उघडला…’ आणि दुसरी म्हणे, ‘अगं बाई, तो डबा!’ मग सुपातल्या गव्हाचाच आवाज. कुठला डबा, कोणी सांगत नसे. सांगायचं कारणच नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, पण मी त्या बोलण्यात नव्हतोच. आमच्या घराला माझ्या आधीही एक आयुष्य होतं, आणि त्याला माझी काही गरज नव्हती, हे मला वंशावळीच्या कागदाने नव्हे, त्या डब्याने कळलं.

छाप हाच. मागची गोष्ट ओढ लावते ती आपल्याला उद्देशून न सांगितल्यामुळे. अ‍ॅरागॉर्न वाचकाशी बोलत नाहीये, सोबत्यांशी बोलतोय, आणि त्याच्या लेखी ती मांजरं म्हणीतलीच आहेत. म्हण कोणी समजावून सांगत नाही. तेच वाक्य त्याने थांबून, ‘फार वर्षांपूर्वी एक राणी होती’ असं सुरू केलं असतं, तर राणी आली असती, जग गेलं असतं. आपण भिंतीआड उभे आहोत, पलीकडे माणसं आपापलं बोलताहेत, आणि त्यांना आपण आहोत हे ठाऊक नाही, एवढं लेखकाला साधलं की पुरे. भरलेलं भांडं उपयोगी पडतं ते यासाठी, की ज्याला खूप माहीत असतं तो बेफिकीरपणे बोलतो. ज्याने काल रात्री जागून माहिती जमवलेली असते तो सगळीच्या सगळी सांगून टाकतो. (मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत दोन सरदार एकमेकांना दोघांनाही पाठ असलेला इतिहास सालवारीने ऐकवतात, तेव्हा हे चांगलंच कळतं.)

टोल्कीनला ही कळ धंद्यातून सापडली असावी. तो जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. ‘बेओवुल्फ’ हे त्याचं आयुष्यभराचं काव्य, १९३६ चं त्याचं त्यावरचं व्याख्यान आजही वाचलं जातं. त्या काव्यात राजे, वैरं, लग्नं यांचे उल्लेख असे येतात की ऐकणाऱ्याला ते ठाऊकच आहेत. आणि होतेच ठाऊक. फिनच्या वाड्यातल्या लढाईची कथा तिथे इतकी आडून येते की आज तिचा अन्वय लावताना पंडितांची दमछाक होते. त्याच लढाईवरचं दुसरं काव्य जेमतेम पन्नासेक ओळींचं उरलंय, आणि तेही ज्या पानावर होतं ते पान हरवलं, छापील नक्कल तेवढी राहिली. म्हणजे त्या कवीने काहीही लपवलं नव्हतं. त्याचे श्रोते मेले, आपण मागे उरलो. हजार वर्षांनी जे आपोआप झालं, ते टोल्कीनने एका पुस्तकापुरतं मुद्दाम घडवलं.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर, देवळामागे वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, कधी शेजारी गाई, मध्ये लढाई, त्यावर त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. कितीतरी वीरगळांवर नाव नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना नाव कोरायची गरज वाटली नसेल. रोज पाणी भरायला जाणाऱ्या प्रत्येकीला तो कोण ते माहीत होतं. आपण तिथे गाडी थांबवून उभे राहतो तेव्हा जे वाटतं, तेच माझ्या भाच्याला त्या अंगठीपाशी वाटत असणार. मी त्याला हे म्हटलं तर त्याने मान न वळवता ‘हं’ केलं.

तो खेळत होता तो ‘डार्क सोल्स’, २०११ चा जपानी खेळ. कर्ता हिदेताका मियाझाकी. हा माणूस लहानपणी वाचनालयातून आपल्या आवाक्याबाहेरची पुस्तकं आणायचा, अर्धं कळायचं नाही, आणि उरलेलं चित्रांवरून मनाने भरून काढायचा. म्हणजे दुसऱ्या कोणासाठी लिहिलेलं पुस्तक चोरून ऐकल्यासारखं वाचलेला मुलगा. त्याने मोठेपणी केलेला खेळही तसाच आहे. सूर्यप्रकाशाचा देव ग्विन, त्याचा थोरला मुलगा. एका अंगठीच्या वर्णनात एवढंच येतं की हा युद्धाचा देव होता, त्याच्या मूर्खपणापायी इतिहासाची पानं गेली, त्याचं देवपण काढून घेतलं गेलं, आणि आता नावही कोणाला माहीत नाही. दुसरीकडे सूर्याच्या वेदीवर एक मोडलेला पुतळा आहे. खेळ या दोन गोष्टी जोडून देत नाही. त्या जोडल्या खेळणाऱ्यांनी, आणि मग पाच वर्षं हा थोरला कोण यावर वाद घातले. पुष्कळांनी सोलेअर नावाच्या एका भाबड्या, सूर्य शोधत फिरणाऱ्या शिलेदारालाच तो मुलगा ठरवून टाकलं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याच जातीची ही ओढ: माणूस हरवला की कोणीतरी तोच असावा असं लोकांना फार वाटतं.

२०१६ साली तिसऱ्या भागात थोरला सापडला. डोंगरमाथ्यावर, वादळी सर्पपक्ष्यासारख्या वाहनावर स्वार, निनावी राजा म्हणून. ज्या ड्रॅगनांना मारण्यात हयात गेली त्यांच्याच बाजूला तो सगळं सोडून गेला होता. उत्तर मिळालं, तरी कोणी हिरमुसलं नाही. कारण आता नवंच कोडं पडलं: तो का गेला?

उत्तर मिळाल्यावर गोडी हमखास जाते, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण जाते, हेही खरंच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ओबी-वान आणि ल्यूक यांच्या बोलण्यात ‘क्लोन वॉर्स’ एवढं नाव येऊन जातं. ल्यूकलाही ते युद्ध ठाऊक असतं, त्यामुळे पुढे कोणी काही सांगत नाही. पंचवीस वर्षं प्रेक्षकांनी ते युद्ध आपापल्या डोक्यात लढलं. २००२ साली ते पडद्यावर सुरू झालं आणि ते, कसं सांगू, युद्धासारखंच होतं. सैन्य इकडे, सैन्य तिकडे. आता ते आपल्याकडे तोंड करून, आपल्यासाठी चाललं होतं. टोल्कीनने हे धोक्याचं वळण आधीच ओळखलं होतं. १९६३ च्या एका पत्रात त्याने म्हटलं आहे की या कथेचं आकर्षण दूरच्या, न गेलेल्या बेटासारखं किंवा धुक्यात चमकणाऱ्या नगराच्या मनोऱ्यांसारखं आहे. तिथे प्रत्यक्ष गेलं तर जादू जाते, मात्र तिथून पुन्हा नवं काही दूरवर दिसू लागलं तर राहते.

हा ‘मात्र’ आपल्या परंपरेला चांगला ठाऊक होता. एरवी महाभारत म्हणजे या सगळ्याला छेद. तिथे नाव निघालं की ऐकणारा लगेच म्हणतो, विस्ताराने सांगा. वनवासात युधिष्ठिर विचारतो, माझ्याहून अभागी कोणी झाला का? बृहदश्व नलाचं नाव घेतो. टोल्कीन तिथेच थांबला असता. बृहदश्व अख्खं नलोपाख्यान सांगतो, द्यूत, हंस, स्वयंवर, सगळं. पण त्या कथेत वणव्यात अडकलेला कर्कोटक नाग भेटतो आणि म्हणतो, मी नारदाला फसवलं, म्हणून त्याच्या शापाने इथे खिळलो. काय फसवलं? नाग सांगत नाही. नल विचारत नाही, युधिष्ठिरही विचारत नाही. कथा पुढे जाते, आणि एक दार उघडं राहिलेलं मागे दिसत राहतं.

अजून एका खेळाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये नेरेवार नावाचा वीर कसा मेला याची उत्तरं भरपूर आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. देवळाच्या पोथ्या एक सांगतात, राखेच्या माळावरचे भटके दुसरं. संशयित स्वतः देव होऊन राजवाड्यात बसलेला, त्यालाच जाऊन विचारता येतं, तो तिसरं सांगतो. खेळ निवाडा करत नाही. बखरी आणि तवारिखा शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हे घरचंच वाटेल. यातली प्रत्येक पोथी त्या जगातल्या कोणाला तरी पटवण्यासाठी लिहिलेली आहे. खेळणारा फक्त ती त्यांच्या फळीवरून काढून वाचतो.

मांजरांचं पुढे झालं ते असं. टोल्कीनने कधीतरी त्या राणीची कच्ची टाचणं केली होती. त्यातला काही भाग लागतही नाही. त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, १९८० च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये त्यांचा गोषवारा एका टीपेत दिला. गोन्डोरच्या राजाची ही एकलकोंडी राणी, काळे आणि चंदेरी कपडे घालणारी. तिच्याकडे नऊ काळी मांजरं आणि एक पांढरं. काळी रात्री गावभर फिरून लोकांची गुपितं आणायची, पांढरं त्या नवांवर पाळत ठेवायचं. अखेर राजाने तिला एकटीला, मांजरांसकट, एका गलबतावर बसवून उत्तरेच्या वाऱ्यावर समुद्रात सोडून दिलं. चंद्रकोरीच्या उजेडात ते गलबत उंबारवरून जाताना शेवटचं दिसलं, एक मांजर डोलकाठीच्या शेंड्यावर, एक नाळेवर. राजांच्या वहीतून तिचं नाव खोडून टाकलं.

मी हे वाचलं तेव्हा आधी वाटलं, संपलं. मग अ‍ॅरागॉर्नचं वाक्य पुन्हा काढून पाहिलं. त्यात मांजरं काळोखातून घर गाठतात. मग गलबत दूर गेल्यावर परत कोण आलं?