होकाराची मर्यादा

तमाशातील गवळणीत पेंद्या आणि मावशी यांचे बरेचसे संवाद लिहिलेले नसतात. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलायचा आणि त्यात भर घालून परत करायचा. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी ही हजरजबाबी कला शहरी रंगमंचावर गाजवली. तिचा पहिला नियम एकच: समोरच्याचा शब्द खोडू नये, पुढे न्यावा.

मग प्रत्येक गोष्टीस होकार देणे हा सद्गुण मानावा काय? लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया देवदूताला आधी प्रश्न विचारते, नंतर होकार देते, आणि तेथेच न थांबता एलिझाबेथच्या भेटीस निघते. तिचा होकार मुका नाही.

१९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला कारखाने आले. परप्रांतांतून आलेला शेजारी हा आपल्याकडे टाकलेला शब्दच होय; तो प्रेमाने झेलावा. परंतु केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, तेव्हा त्या ग्रामस्थांकडून निमूट होकाराची अपेक्षा धरणे न्याय्य नव्हते. खेळात बोलण्याची पाळी दोघांनाही असते. ज्याला ती मिळत नाही, त्याचा होकार हा होकारच नव्हे.