उत्तराला साक्षीदार हवा

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि लोकसेवा आयोगाने नवी पद्धत 2025 पर्यंत पुढे ढकलली. विद्यार्थ्यांच्या मागणीमागे वर्षानुवर्षांची तयारी आणि घरची ओढाताण होती. तिच्याविषयी मला तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या निमित्ताने रंगलेल्या आणि अजूनही अधूनमधून डोके वर काढणाऱ्या चर्चेविषयी. एक बाजू म्हणते, चार पर्यायांतून एक निवडणे ही घोकंपट्टी आहे, आता मुलांचा विचार तपासा. दुसरी म्हणते, निःपक्षपात हवा असेल तर बहुपर्यायी प्रश्नच बरा, निबंध तपासणाऱ्याच्या मर्जीवर नोकऱ्या ठरू नयेत. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट तपासून न पाहताच धरून चालले आहे. माहिती निराळी आणि विचार निराळा, ही ती गोष्ट. इतर विषयांचे मला ठाऊक नाही, पण इतिहास आणि साहित्य यांच्याबाबतीत ही फारकत मुळातच खोटी आहे.

मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यासारख्या गावात हा वाद दूरचा राहत नाही. एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, दुसऱ्या अंगाला पिरंगुटचे कारखाने, आणि मधल्या पट्ट्यात जमीन विकलेली किंवा विकायला निघालेली घरे. या घरांतली मुले पोलीस भरतीला, तलाठी, वनरक्षक आणि राज्यसेवेच्या परीक्षांना बसतात. त्यांच्या हातातल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचा स्वतःचा तालुका एका ओळीत येतो: मुळशी सत्याग्रह, 1921, सेनापती बापट. मुले हे उत्तर क्षणात देतात, आणि उत्तर बरोबर आहे.

पण त्या ओळीबाहेर काय राहिले ते पाहा. मुळा नदीवर धरण बांधून, तिचे पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळवून, सह्याद्रीवरून खाली भिरा इथे सोडून मुंबईसाठी वीज करायची, असा टाटांच्या कंपनीचा प्रकल्प होता. त्यासाठी सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहून टाटांना आवाहन केले. बापटांच्या बरोबरीने विनायकराव भुस्कुटे उभे होते. त्यांचे नाव चार पर्यायांत क्वचितच येते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात एक अवघड गोष्ट पुढे मांडली: यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या हक्कात अडकलेली होती. सावकारांना मोबदला पुरेसा वाटू शकत होता. कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. म्हणजे ‘मुळशीची जनता’ अशी एकसंध गोष्ट तेव्हाही नव्हती. आणि ज्या 1894 च्या भूसंपादन कायद्याने ही जमीन घेतली गेली, तो कायदा मुळशीनंतर नव्वदाहून अधिक वर्षे, 2013 चा नवा कायदा येईपर्यंत, या देशात चालू राहिला.

विशेष असे की यातल्या बऱ्याचशा गोष्टी त्याच मुलाला पाठ असतात. 1894 हे साल त्याला जमीन महसुलाच्या प्रकरणात भेटते. 2013 चा कायदा चालू घडामोडींत भेटतो. परदेशात बॉम्बची विद्या मिळवणारे पांडुरंग महादेव बापट सशस्त्र क्रांतिकारकांच्या प्रकरणात येतात आणि सत्याग्रहाचे सेनापती बापट शेतकरी चळवळींच्या प्रकरणात. एकच माणूस दोन प्रकरणांत राहतो आणि दोन्ही बापटांची गाठ पडत नाही. माहितीची वाण इथे नाही. तिचे तुकडे एकमेकांना भेटत नाहीत, हे दुखणे आहे.

यावर हल्ली एक तयार उत्तर ऐकू येते आणि तेच मला सर्वांत घातक वाटते. सगळी माहिती फोनमध्ये आहे, तेव्हा ती डोक्यात कशाला भरायची, मुलांना विचार करायला शिकवा, असे ते उत्तर. ते आधुनिक वाटते, उदार वाटते, मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरवणारे वाटते. म्हणूनच त्याचा सावकाश समाचार घ्यायला हवा.

फोन विचारलेले सांगतो. मुळशीच्या जमिनीचा आणि 1894 च्या कायद्याचा काय संबंध, हे विचारायला तो संबंध असू शकेल अशी शंका आधी यावी लागते. ती शंका येते ती दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात असल्यामुळे. ज्याला यातले एकच साल ठाऊक आहे, त्याला प्रश्न पडणार नाही. आणि न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर जगातले कोणतेही यंत्र देत नाही. विचार म्हणजे स्मरणात शेजारी शेजारी आलेल्या गोष्टींमधला ताण जाणवणे. स्मरण रिकामे करून विचार शिकवता येईल, असे म्हणणाऱ्यांनी तो कशाचा विचार असेल ते सांगावे.

यावर कोणी म्हणेल, दुवे जोडण्याचे कामही आता यंत्रे करतील. विचारले की पूर्ण वाक्यांत, ठाम सुरात उत्तर देणारी यंत्रे आलीच आहेत. त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण ठाम सूर आणि खरेपणा यांच्यात फरक करायचा कोणी? शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल विचारा; 1627 ही सापडेल, 1630 ही सापडेल. ज्याच्याजवळ आधीचे काहीच नाही, तो यातले जे पहिल्यांदा दिसेल ते घेईल. आणि हे लक्षात ठेवा की माहिती नको म्हणणारा माणूस बहुधा अशा घरातला असतो, जिथे ती जेवताना बोलण्यातून मिळते, कपाटातल्या पुस्तकांतून मिळते, आजोबांच्या आठवणींतून मिळते. स्वतःचे भरलेले असताना त्याला रिकामपणाचा धोका दिसत नाही. घोटावड्यातल्या ज्या मुलाच्या घरात शाळेच्या पुस्तकांपलीकडे एकच पुस्तक आहे आणि ते सामान्यज्ञानाचे आहे, त्याला ‘माहितीला किंमत नाही’ असे सांगणे हा अन्याय आहे. त्याच्या हातात आहे तेवढेही आपण निरुपयोगी ठरवतो आहोत.

मग जे आहे तेच चालू द्यावे काय? मुळीच नाही. इथे मला एक फरक करायचा आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. माहिती दोन तऱ्हेची असते. एक सुटी माहिती: जी केवळ उत्तर म्हणून उभी असते. दुसरी साक्षीची माहिती: जिच्याबरोबर ती कोणी सांगितली, कशावरून सांगितली आणि तिच्या विरुद्ध कोण काय म्हणते, हे येते. दोन्ही पाठच करावी लागतात. दोन्ही स्मरणातच राहतात. पण पहिलीने प्रश्न मिटतो, दुसरीने तो नीट मांडला जातो.

जमिनीच्या बाबतीत हे मुळशीत कोणाला शिकवावे लागत नाही. कोणी म्हणाले ‘ही जमीन माझी’, तर आपण सातबारा मागतो, फेरफार पाहतो, वारसांची नोंद तपासतो. मग भूतकाळाविषयीच्या विधानांना हाच न्याय का नसावा?

शिवजन्माचेच घ्या. बखरींच्या आधारे पूर्वी 1627 छापले जाई. लोकमान्य टिळकांनी 1916 साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद मिळाली. महाराजांच्या हयातीत रचलेल्या परमानंदाच्या शिवभारतानेही तिला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली ती 2001 साली. हे जेधे घराणे कारीचे, म्हणजे मुळशीच्या दक्षिणेला भोरच्या मावळातले. ज्या मुलाला 1630 बरोबर जेधे शकावली ठाऊक आहे, त्याला एका तारखेबरोबर आणखी एक गोष्ट कळलेली असते: घटनेच्या जवळची, साल-तिथीवार केलेली नोंद नंतरच्या रसाळ कथनापेक्षा अधिक विश्वासाची असते. हा नियम त्याला आयुष्यभर पुरेल. त्याने पाठांतर किती केले? एका नावाचे जास्त.

साहित्यात तर सुट्या माहितीने अधिकच नुकसान केले आहे, कारण तिथे ‘पहिला’ हा शब्द राज्य करतो. मराठीतला पहिला शिलालेख कोणता? काही पुस्तके श्रवणबेळगोळचा देतात आणि पुढे 983 लिहितात. पण तिथल्या मराठी ओळींत साल कोरलेलेच नाही. शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनानुसार अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके 934 चा, म्हणजे 1012 चा. त्या शकाच्या वाचनावरही मतभेद आहेत, म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके 940 चा लेख पुढे येतो. परीक्षेला चौकोनात एकच टिंब भरायचे असते हे मला समजते. परंतु या तीन दगडांची हकीकत कळली, तर भाषेचे वय कसे ठरवतात हे कळते. एकाच दगडाचे नाव कळले, तर फक्त अभिमान उरतो.

‘पहिली कादंबरी, यमुनापर्यटन, 1857, बाबा पदमनजी’ ही ओळही तशीच. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 चा. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती झालेला एक मराठी लेखक हिंदू विधवांच्या दुःखावर कथा लिहितो. दोन सलग वर्षे शेजारी ठेवली की मराठी कादंबरी कोणत्या कळवळ्यातून जन्मली आणि कोणाच्या हातून, हे दोन्ही प्रश्न उभे राहतात. वेगळी ठेवली की 1857 म्हणजे फक्त उठाव.

आणि साहित्य संमेलन. पहिले 1878 साली पुण्यात, पुढाकार न्यायमूर्ती रानड्यांचा. हे सगळ्यांना पाठ असते. सत्यशोधक समाज 1873 साली, त्याच पुण्यात. तेही पाठ असते. पण 1885 च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले आणि त्यांचे ते उत्तर ‘ज्ञानोदया’त छापले गेले, ही तिसरी गोष्ट मध्ये ठेवल्याशिवाय पहिल्या दोन गोष्टी एकमेकींशी बोलत नाहीत. ती ठेवली की मराठी साहित्य नेमके कोणाचे, हा वाद कालपरवाचा नसून संमेलनाच्या जन्माइतकाच जुना आहे, हे शाळकरी मुलालाही दिसते. इथे माहिती आणि विचार यांची सीमारेषा कोणी दाखवून द्यावी. मला ती दिसत नाही.

दुसरेही काही आक्षेप आहेत. मार्गदर्शक पुस्तकांचा धंदा बदल होऊ देणार नाही, असे म्हणतात. परीक्षा बदलली की धंदा चार महिन्यांत बदलतो. इतिहास अस्मितेसाठी शिकवावा, साक्षीपुराव्याने ती दुबळी होते, असेही म्हणतात. जी अस्मिता जेधे शकावलीने दुबळी होते, तिची काळजी करण्याचे कारण नाही. माझे भांडण पुन्हा फोनवाल्यांशीच आहे, कारण ते सज्जन आहेत, शिक्षणात त्यांचे ऐकले जाते आणि ते मुलांच्या हातून नेमके तेच काढून घेत आहेत ज्यावर विचार उभा राहतो. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढला, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाची उभारणी केली, वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. माहिती म्हणजे विचारापेक्षा खालच्या प्रतीची गोष्ट, असे यांतल्या कोणालाच वाटले नाही. राजवाड्यांनी तर नुसता कागद छापून भागवले नाही; कोणता कागद कितपत विश्वासाचा, यावर प्रस्तावनांची पानेच्या पाने लिहिली. एवढा वारसा असलेल्या भाषेत आज ‘माहिती की विचार’ असा प्रश्न पडावा, याचे मला वाईट वाटते.

परीक्षा वर्णनात्मक झाली म्हणून हे आपोआप सुधारेल, अशा भ्रमात मी नाही. सुटी माहिती दहा ओळींच्या उत्तरातही सुटीच राहते; लांबी वाढते, साक्ष येत नाही. उलट बहुपर्यायी प्रश्नातही साक्ष विचारता येते. ‘मुळशी सत्याग्रहाचे नेते कोण’ याऐवजी ‘मुळशीची जमीन कोणत्या कायद्याने घेतली गेली’ असे विचारा. ‘शिवजन्माची तारीख कोणती’ याऐवजी ‘ती कोणत्या साधनावरून ठरली’ असे विचारा. पर्याय चारच राहतील, तपासणी यंत्रच करील, निःपक्षपातही टिकेल. म्हणून वर्णनात्मक की बहुपर्यायी, हा वाद मला दुय्यम वाटतो.

सामान्यज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांना आणि ती शिकवणाऱ्यांना माझे मागणे छोटे आहे. प्रत्येक उत्तराखाली एक ओळ वाढवा: हे कशावरून. जिथे ती ओळ लिहिता येणार नाही, तिथे उत्तर छापू नका. आणि पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी रात्री सालावळी पाठ करत असेल तर फोन दाखवून थांबवू नका. शेजारी बसा आणि दर सालाला एकच प्रश्न विचारा: हे कोणी सांगितले?