वेळ विकत घ्यावा लागतो

शास्त्रभाग : इफिसकरांस पत्र, अध्याय ५, ओव्या १५ व १६.



आमच्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून गेले. अक्षरओळख अशी झालीच नाही. उपासनेस ते सर्वांआधी येत व नवा करार उराशी धरून बसत. पण तो त्यांस वाचता येत नसे. एके दिवशी ते आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, मरणाआधी मार्काचं शुभवर्तमान एकवार माझ्या डोळ्यांनी वाचावं म्हणतो. शिकवाल का?" आम्ही आनंदाने होकार दिला. तेव्हा सुगी होती, म्हणून सुगीनंतर बसू असे ठरले. सुगीनंतर नाताळ आला, नाताळानंतर लग्नसराई, त्यानंतर सभांचे दिवस. अशी दोन वर्षे लोटली. अखेर आम्ही त्यांच्या दारी गेलो तो प्रेतक्रियेची प्रार्थना करावयास. नवा करार उशाशी होता.

प्रियहो, आम्ही त्यांस खोटे वचन दिले नव्हते. आमची इच्छा खरीच होती. पण त्या इच्छेला दिवसातील एकही घटका आम्ही नेमून दिली नव्हती. वेळ मिळाला की शिकवू, असे आम्ही म्हणत राहिलो, आणि वेळ काही मिळाला नाही.

वरील शास्त्रभागात पौल इफिसच्या मंडळीस वेळेविषयी जो शब्द लिहितो, त्या मूळ ग्रीक शब्दात बाजारातून विकत घेण्याचा अर्थ आहे. वेळ मिळत नसतो, तो विकत घ्यावा लागतो. आणि दाम मोजल्याविना बाजारात मीठदेखील कोणी देत नाही. हा दाम कसा मोजतात, हे आम्ही बोरीवलीस पाहिले.

गेल्या वर्षी कामानिमित्त आम्हांस तेथे आठ दिवस राहणे झाले. मुंबईची ही उपनगरे एके काळी आपल्यासारखी खेडीच होती. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती आजच्या घाटकोपर व मुलुंड या वस्त्यांवरून. आणि १९२८ साली विजेची गाडी बोरीवलीपर्यंत धावू लागली. कोंबड्याच्या आरवण्यावर व सूर्याच्या कासऱ्यावर दिवस मोजणारे लोक तेव्हापासून मिनिटे मोजू लागले.

आमच्या मंडळीतील एक कन्या लग्न होऊन तेथे राहते. चर्चगेटजवळ एका दवाखान्यात ती कामास जाते. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. आता दोन लेकरांची आई होऊन तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे व बाहेरून बारावीच्या परीक्षेस बसणार आहे. आम्ही विचारले, "बाई, घर, नोकरी, लेकरे, अभ्यासास वेळ कोठून मिळतो?" ती हसून म्हणाली, "मिळत नाही, पाळकसाहेब. गाडीत काढते." तिची गाडी बोरीवलीहूनच सुटते, म्हणून सकाळी बसावयास जागा मिळते. अंधेरी येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे जातात. तेवढ्यात एक धडा. अंधेरीस गर्दी वाढली की पुस्तक पिशवीत जाते, व वाचलेले ती मनात घोकते. संध्याकाळी त्याच डब्यात बाया भाजी निवडतात, मटार सोलतात; तीही निवडते, म्हणजे घरी पोहोचल्यावर लेकरांसाठी घटकाभर मोकळी होते. रोज सोबत येणाऱ्या बाया तिला विचारतात, "काल धडा कुठवर आला?" पूर्वी त्या वेळात ती मोबाईलवरील चित्रे पाहत असे. ती करमणूक तिने सोडली. हाच तिने मोजलेला दाम.

आम्ही विचारले, "एखादे दिवशी नेम मोडला तर?" ती म्हणाली, "गाडी चुकली म्हणून कोणी घरी परत जात नाही, पाळकसाहेब. पुढची धरतो."

प्रियहो, हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. आपल्यातील कित्येक जण वर्षारंभी मोठा नवस बोलल्यासारखा निश्चय करितात. चार दिवस पाळतात. पाचव्या दिवशी चुकतात आणि मग वर्षभर त्या वाटेस जात नाहीत. चूक एका दिवसाची असते, आणि आपण तिला सारे वर्ष दान देतो. आपल्या देवाची दया रोज सकाळी नवी होते असे विलापगीतात सांगितले आहे. मग आपला नेमही सकाळी नवा का होऊ नये?

त्याच स्थानकावर आम्ही डबेवाले पाहिले. हे मुंबईचे मूळ रहिवासी नव्हेत. बहुतेक मावळ, खेड, जुन्नर या भागांतील शेतकरी आहेत. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा त्यांचा धंदा. २०२० च्या साथीपूर्वी सुमारे ५ हजार माणसे रोज सुमारे २ लक्ष डबे पोहोचवीत, असे सांगतात. साथीनंतर ती संख्या पुष्कळ घटली. एकच मनुष्य डबा घरून कचेरीपर्यंत नेत नाही. एकाने घरोघरून गोळा करावयाचे, दुसऱ्याने झाकणावरील खूण पाहून वेगळे लावावयाचे, तिसऱ्याने गाडीत चढवावयाचे. प्रत्येकाचा वाटा लहान आणि त्याची वेळ ठरलेली, म्हणून एवढे मोठे काम उरकते.

मोठी कामे अशीच होतात. पंडिता रमाबाईंवर केडगावच्या मुक्ति सदनात शेकडो स्त्रियांचा व मुलांचा भार होता. त्यांच्याइतका वेळेचा तुटवडा कोणास असेल? तरी त्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या, तेव्हा ते भाषांतर पुरे झाले होते. एवढे काम एका उत्साहात होत नसते. ते ओवीमागून ओवी होते.

दानीएलाचेही पाहा. राजाचा हुकूम निघाल्यावर तो घरी गेला व दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. आणि शास्त्र मुद्दाम सांगते की तो पूर्वीही असेच करीत असे. संकटाच्या दिवशी त्यास नवे धैर्य शोधावे लागले नाही. वर्षांच्या सवयीने त्याचे गुडघे आपोआप टेकले. सिंहांच्या गुहेची तयारी त्याने साध्या दिवशी केली होती.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. नेम म्हणजे घाई नव्हे. धावत्या गाडीस लोंबकळून जीव गमावणारे लोकही त्याच उपनगरांत आहेत. याईराच्या घरी जाताना आपला प्रभु वाटेत एका दुखणाईत बाईसाठी थांबला. दारी आलेल्या दुःखिताकरिता आपला नेम मोडावा लागला, तर खुशाल मोडावा. आळसाकरिता मात्र मोडू नये.

तर उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, एकच काम निवडा. शास्त्राचा एक अध्याय असो, एका मुलाचा पाढा असो, की बचतीचा हिशेब असो. जी गोष्ट आपण रोज करितोच, तिच्या पाठीस ते बांधा : धार काढल्यावर, किंवा दिवेलागणीनंतर. प्रथम पंधरा मिनिटेच घ्या. त्यासाठी काय सोडणार ते त्याच दिवशी ठरवा. एक सोबती धरा, जो विचारील, "काल का नाही झाले?" आणि चुकलात तर शोक करीत बसू नका, पुढची गाडी धरा.

बोरीवलीहून परतल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या विधवेकडे गेलो व क्षमा मागितली. आता रोज दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटे आम्ही त्यांच्या ओसरीवर बसतो. या सात महिन्यांत अकरा दिवस चुकले. आजी मार्काच्या पहिल्या अध्यायात आहेत. बोट ठेवून, अडखळत वाचतात. पुस्तक तेच, उशाशी होते ते.

ज्या प्रभूने आपणांस आजचा दिवस दिला आहे, तो त्यातील एक घटका नेमून देण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो. आमेन.